शिगेचे माप आणि पोप ग्रेगरी यांची पत्रे

सन 591 मध्ये रोमहून सिसिली बेटावर एक लांबलचक पत्र गेले. लिहिणारे होते पोप ग्रेगरी पहिले, ज्यांना इतिहास थोर ग्रेगरी म्हणून ओळखतो, आणि पत्र ज्याच्या नावे होते तो पीटर नावाचा उपडीकन, म्हणजे धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचा चर्चसेवक, त्या बेटावरील चर्चच्या शेतजमिनींचा कारभार पाहत असे. पोपचे पत्र म्हणजे त्यात श्रद्धेची गहन तत्त्वे असतील, अशा समजुतीने मी ते प्रथम वाचायला घेतले होते. समोर आली ती धान्य मोजण्याच्या मापाची चर्चा. चर्चची जमीन कसणाऱ्या कुळांकडून धान्य घेताना अठरा सेक्स्टारियसहून मोठे माप वापरू नये, असे पोप आपल्या कारभाऱ्याला बजावतात. सेक्स्टारियस हे साधारण अर्ध्या लिटरचे रोमन माप, आणि सोळा सेक्स्टारियसचा एक मोडियस असा तेथील सर्वसाधारण हिशेब. म्हणजे सोळाच्या जागी अठरापर्यंत सूट दिली, परंतु त्यापुढे एक मूठही जास्त घ्यायची नाही.

हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या खळ्यातील पायली उभी राहिली. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमचे घराणे खंडाने शेत करणारे. सुगीनंतर जमीनमालकाचा माणूस स्वतःची पायली घेऊन येई, आणि ती चार शेरांची आहे असे तो सांगत असला तरी आमच्या घरच्या शेराने मोजले तर प्रत्येक वेळी थोडे जास्तच भरे. शिवाय तो सपाट माप कधीच घेत नसे. भात पायलीवर शिगोशीग चढवायचे, शीग ढळली तर पुन्हा ओंजळीने भर घालायची, आणि खाली सांडलेलेही मालकाच्या पोत्यात जायचे, अशी रीत होती. बाबा काही बोलत नसत. कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यात 1974 मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली, तोपर्यंत प्रत्येक सुगीला ही शीग आमच्या खळ्यातून गेली. त्यामुळे चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका धर्मगुरूने मापाची गोष्ट पापपुण्याच्या कक्षेत आणली, हे मला वाचनातून कळलेल्या एखाद्या माहितीसारखे वाटले नाही. आमच्या घरातलेच कोणी बोलले, असे वाटले.

त्या पत्रात मापाखेरीजही पुष्कळ आहे. सुगी भरघोस आली की कुळांचे धान्य पडेल भावाने उचलले जाई, ते थांबवून चालू बाजारभाव द्यावा, असे ग्रेगरी लिहितात. पीक हाती येण्याआधीच कराचा पहिला हप्ता भरावा लागत असल्याने कुळे सावकाराच्या दारी जात आणि भरमसाट व्याजात बुडत. त्यांना ती रक्कम चर्चच्या निधीतून उसनी द्यावी आणि पुढे जमेल तशी परत घ्यावी, अशी त्यांची सूचना आहे. कुळांच्या घरी लग्न झाले की जी रक्कम वसूल केली जाई ती एका सोन्याच्या नाण्यापलीकडे जाऊ नये, आणि गरिबाकडून त्याहूनही कमी घ्यावी. खोटी वजने कोठे सापडली तर ती फोडून टाकावीत आणि नवी, खरी करवून घ्यावीत. नीतिशिक्षणाच्या पुस्तकांत अशा गोष्टी सहसा सापडत नाहीत. मला मात्र त्या काळातील पोपांच्या नीतिविचाराचा गाभा येथेच दिसतो, आणि आज त्याविषयीच लिहायचे आहे.

ग्रेगरी यांचा जन्म सन 540 च्या सुमाराचा. घराणे श्रीमंत व वजनदार. तरुणपणी ते रोम शहराचे सर्वोच्च मुलकी अधिकारी होते. पुढे ते सर्व सोडून त्यांनी कॅलियन टेकडीवरील वडिलोपार्जित वाड्याचा मठ केला आणि तेथे साधू म्हणून राहिले. सन 589 मध्ये टायबर नदीला महापूर आला, पाठोपाठ प्लेग आला, त्यात पोप पेलागियस दुसरे मरण पावले आणि 590 च्या सप्टेंबरात मठातील या माणसाला इच्छा नसताना पोपपदावर बसावे लागले. उत्तरेकडून लोंबार्ड टोळ्यांचा दबाव, शहरात उपासमार, सम्राट दूर कॉन्स्टँटिनोपलला, असा तो काळ होता. 604 च्या मार्चमध्ये मृत्यू येईपर्यंत, सतत आजारी असूनही, ते पत्रे लिहवून घेत राहिले. त्यांतील साडेआठशेच्या आसपास आज उपलब्ध आहेत.

पोप झाल्यावर लगेचच त्यांनी धर्मपालांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. आत्म्यांचे नेतृत्व ही सर्व कलांतील कला आहे, असे ते प्रारंभीच सांगतात आणि जो वैद्यक शिकला नाही तो शरीराच्या जखमेवर उपचार करायला धजत नाही, मग मनाच्या जखमांवर अडाण्याने हात का टाकावा, असे विचारतात. ग्रंथाचा तिसरा भाग सर्वांत मोठा आहे व माझ्या मते सर्वांत मोलाचाही. एकच उपदेश सर्वांना लागू पडत नाही, हे त्याचे सूत्र. ज्या वनस्पतीवर एक जनावर पोसते तिनेच दुसरे मरते. ज्या हलक्या शिटीने घोडा शांत होतो तिनेच कुत्र्याची पिल्ले चेकाळतात. जी भाकर धडधाकट माणसाला बळ देते तीच तान्ह्या बाळाचा जीव घेईल. असे म्हणून ते माणसांच्या जोड्या घेतात. गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि खिन्न, चाकर आणि धनी, लाजाळू आणि उद्धट, फार बोलणारे आणि मुळीच न बोलणारे, भांडखोर आणि शांत, अशा छत्तीस प्रकारे ते सांगत जातात की याला कसे समजवावे आणि त्याला कसे. उद्धटाला स्पष्ट शब्दांत फटकारल्याशिवाय कळत नाही, लाजाळू माणसाला मात्र हळुवार बोलण्यानेच सुधारता येते, असा त्यांचा अनुभव आहे. मी तीस वर्षे शाळेत शिकवले. वर्गात कानडी घरातून आलेले मूल, मराठी घरातून आलेले मूल आणि घरी कोकणी बोलणारे मूल एकाच बाकावर बसलेले असे, आणि एकाच वाक्याने तिघांना समजावता येत नाही हे मी ठेचा खाऊन शिकलो. हा ग्रंथ त्या वर्षांत हाती आला असता तर काही मुलांना मी दुखावले नसते.

दानाविषयी याच भागात एक विचार आहे, जो मी वहीत लिहून ठेवला आहे. गरजवंताला त्याच्या गरजेचे देतो तेव्हा आपण आपले काही देत नाही, त्याचेच त्याला परत करतो. ते दयेचे कृत्य म्हणण्यापेक्षा न्यायाचे ऋण फेडणे म्हणावे, अशा आशयाचे ते शब्द आहेत. जमीन सर्वांसाठी आहे आणि तिच्यातून येणारे अन्नही सर्वांसाठी आहे, ही त्यामागची भूमिका. वर सांगितलेले मापाविषयीचे पत्र हे या विचाराचे प्रत्यक्ष रूप आहे, असे मला वाटते. जो अन्नदानाला ऋणफेड म्हणतो, तो शिगेला चोरीच म्हणणार.

सात मूळ पापांची यादी ग्रेगरी यांच्यामुळेच रूढ झाली, म्हणून तिचा उल्लेख करतो, परंतु त्यावर फार थांबत नाही, कारण ती आपल्याकडील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करून घेतली जाते. एवढेच सांगावेसे वाटते की बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकावरील त्यांच्या पस्तीस खंडांच्या भाष्यात गर्व हा सातांपैकी एक नाही. तो सातांचीही राणी व मूळ आहे. आणि आपण आज जेथे आळस म्हणतो तेथे त्यांच्या यादीत खिन्नता आहे. अवर्षणाने खचलेल्या एखाद्या शेतकऱ्याला आळशी म्हणून हिणवण्याआधी हा फरक ध्यानी घ्यावा.

आता एका वाक्याकडे येतो, ज्यासाठी मी या पत्रांकडे पुन्हा पुन्हा जातो. ग्रेगरी यांनी इंग्लंडला पाठवलेल्या ऑगस्टीन नावाच्या साधूने त्यांना विचारले होते की श्रद्धा एक असताना चर्चच्या रीती वेगवेगळ्या का, रोममध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, एका पद्धतीने होतो आणि गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, दुसऱ्या, हे कसे. उत्तर असे आले की रोममध्ये, गॉलमध्ये किंवा अन्य कोठेही जे देवाला अधिक रुचेल असे आढळेल ते निवडून घ्यावे आणि इंग्लंडच्या नव्या चर्चमध्ये रुजवावे. कारण ठिकाणासाठी गोष्टींवर प्रेम करायचे नसते, चांगल्या गोष्टींसाठी ठिकाणांवर प्रेम करायचे असते. रोमच्या पोपने रोमची रीत सक्तीची केली नाही. 601 मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या धर्मप्रसारकाला लिहिलेल्या पत्रात ते याच वाटेने आणखी पुढे जातात: तेथील लोकांची जुनी देवळे पाडू नका, आतील मूर्ती काढून त्यांचीच चर्चे करा, बैल कापून सणाचे जेवण करण्याची त्यांची प्रथा आहे तीही देवाच्या आभारासाठी चालू राहू द्या, कारण उंच चढणारा पायरी पायरीने चढतो, उड्या मारून चढत नाही. मूर्ती काढण्याचा भाग आज मला बोचतो. पण लोकांची जेवणे, मांडव आणि एकत्र येण्याच्या जागा त्यांच्याकडून हिरावून घेऊ नयेत, हे त्यांनी ओळखले होते.

आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकातला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाच्या दुधाचा रोस लावावा की हळद, मिस्सा कोकणीतून व्हावा की मराठीतून की कानडीतून, सुनेने कोणत्या रंगाची साडी नेसावी, यावरून घराघरांत रुसवे होतात. एकदा माझ्या मावशीला हळदीवरून भर मांडवात ऐकून घ्यावे लागले होते. तिने उत्तर दिले नाही, मात्र जेवलीही नाही. त्या वेळी मला ग्रेगरी यांचे वाक्य ठाऊक असते तर मी ते मोठ्याने म्हटले असते.

ग्रेगरी यांच्यानंतर सुमारे दोनशे साठ वर्षांनी हाच धागा पोप निकोलस पहिले यांनी पुढे नेला, आणि त्यांनी दिलेली उत्तरे तर सरळसरळ एका सीमेवरील लोकांसाठी होती. बल्गेरियाचा राजा बोरिस याने नुकताच बाप्तिस्मा घेतला होता. एका बाजूला कॉन्स्टँटिनोपल आणि दुसऱ्या बाजूला रोम, अशा दोन मोठ्या सत्तांच्या मध्ये त्याचा देश होता. त्याने आपले प्रश्न रोमला पाठवले आणि सन 866 मध्ये निकोलस यांच्याकडून एकशे सहा उत्तरे आली. ती वाचताना एका समाजाचे संपूर्ण घर उघडे पडते. विजारी घालणे पाप आहे काय, असे बोरिसने विचारले होते. पोप म्हणतात की यात काही वावगे नाही, आम्हाला तुमच्या अंतरंगाचे वर्तन बदलायचे आहे, बाहेरचे कपडे नव्हे. बुधवारी आणि शुक्रवारी आंघोळ करू नये असे ग्रीक सांगतात, ते खरे काय. तर नाही, करता येते. राजा एकटाच मेजावर जेवतो आणि राणीसह कोणालाही सोबत बसता येत नाही, ही रीत श्रद्धेविरुद्ध नाही, पण सौजन्याविरुद्ध आहे, तेव्हा नम्रता शिकावी.

लग्नाविषयीचे उत्तर मी अनेकांना वाचून दाखवले आहे. अंगठी, वराने वधूला द्यायचे धन, आशीर्वाद, मस्तकावरील मुकुट, असे रोमच्या रिवाजाचे सारे वर्णन करून झाल्यावर निकोलस सांगतात की यांतील काहीही नसले तरी पाप होत नाही. गरिबीमुळे अनेकांना ही तयारी करताच येत नाही, आणि विवाहाला दोघांची संमती पुरेशी आहे. ती संमती नसेल तर बाकी सर्व थाटामाटाने पार पडूनही विवाह झालेला नाही. लग्नासाठी शेताचा तुकडा गहाण टाकणाऱ्या आमच्या गावांत हे उत्तर चर्चच्या दारावर लावावे इतके महत्त्वाचे आहे. याच निकोलस यांनी लोथारिंजियाचा राजा लोथार दुसरा याने आपली पत्नी थ्यूटबर्गा हिला टाकून दुसरीशी केलेला विवाह अमान्य ठरवला आणि राजाच्या बाजूने निकाल देणाऱ्या कोलोन व ट्रियर येथील दोन आर्चबिशपांना 863 मध्ये पदच्युत केले, यावरून ते शब्द त्यांनी राजांच्या बाबतीतही पाळले हे दिसते.

छळाविषयीचे उत्तर तर आजही अंगावर काटा आणते. चोरीचा संशयित पकडला आणि तो नाकारू लागला की तुमचा न्यायाधीश त्याच्या डोक्यावर मारतो व लोखंडी टोच्यांनी त्याच्या बरगड्या टोचतो, हे आम्हाला कळले आहे, असे म्हणून पोप लिहितात की याला ना देवाचा कायदा परवानगी देतो ना माणसाचा. कबुली मनापासून यावी लागते. इतके करूनही काही सापडले नाही तर तुम्हाला लाज वाटणार नाही काय, आणि वेदना सहन न होऊन एखाद्याने न केलेला गुन्हा कबूल केला तर ते पाप कोणाच्या माथी, असे ते विचारतात. 1252 मध्ये दुसऱ्या एका पोपने, इनोसंट चौथे यांनी, पाखंड्यांच्या चौकशीत छळाला मुभा दिली. निकोलस यांचे उत्तर तेव्हा चर्चच्याच दप्तरी होते. ही गोष्ट माझ्या चर्चवरचा डाग आहे आणि ती सांगितल्याशिवाय निकोलस यांची स्तुती करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

सरहद्दीवर राहणारा म्हणून आणखी एका प्रश्नाने मला खिळवून ठेवले. बल्गेरियाच्या सीमेवर पहारेकरी उभे असत, आणि त्यांच्या पहाऱ्यातून एखादा गुलाम किंवा स्वतंत्र माणूस निसटून पलीकडे गेला तर त्या पहारेकऱ्यांनाच ताबडतोब ठार केले जाई. एवढ्या दयाळू देवाला ओळखल्यानंतर इतका कठोर न्याय तुमच्याकडून घडू नये, असे पोप सांगतात. आणि बंड करणाऱ्या सरदारांना बोरिसने त्यांच्या मुलाबाळांसह मारले होते, यात पाप झाले काय या प्रश्नाला तर त्यांनी आडपडदा न ठेवता हो म्हटले, कारण ज्या मुलांचा बंडात हात नव्हता त्यांचा वध झाला होता. एका नवख्या, उपयुक्त, रोमकडे झुकत असलेल्या राजाला हे ऐकवणे सोपे नव्हते. पुढे 870 मध्ये बल्गेरियाने कॉन्स्टँटिनोपलचीच कास धरली. तरीही एखादा राजा आपल्या हातून झालेल्या हत्येचा जाब स्वतःहून विचारतो, याबद्दल मला बोरिसचाही आदर वाटतो.

ग्रेगरी यांच्याकडे परत येताना एक अवघड पान उलटावे लागते. ज्यू लोकांच्या बाबतीत त्यांची भूमिका त्या काळाच्या मानाने न्यायाची होती. 591 मध्ये आजच्या फ्रान्समधील आर्ल व मार्सेय येथील बिशपांना त्यांनी ज्यूंना बळाने बाप्तिस्मा न देता उपदेशाने वळवावे असे लिहिले आणि 598 मध्ये पालेर्मोच्या बिशपला कळवले की कायद्याने जे ज्यूंना दिले आहे त्यात त्यांचे नुकसान होता कामा नये. परंतु सार्डिनिया बेटावर चर्चच्या जमिनी कसणारी काही कुळे जुन्या देवांनाच मानत होती, तेव्हा याच ग्रेगरी यांनी तेथील बिशपला 594 मध्ये लिहिले की त्या कुळांवर खंडाचा इतका भार टाकावा की शिक्षेच्या धाकाने ते सन्मार्गाला लागतील. सिसिलीच्या कुळांचे माप कमी करणारा हात सार्डिनियाच्या कुळांचा खंड वाढवतो. मी या दोन्ही पत्रांची संगती लावण्याचा प्रयत्न पुष्कळ केला. रोमन कायद्यात ज्यूंना स्थान होते, मूर्तिपूजकांना उरले नव्हते, हे स्पष्टीकरण इतिहासाच्या दृष्टीने बरोबर आहे, मात्र खळ्यात उभ्या असलेल्या कुळाला त्याने काय समाधान मिळणार? हे पत्र चुकीचे होते, एवढेच मी म्हणतो, आणि ते चुकीचे आहे हे ओळखण्याचे मापही मला ग्रेगरी यांच्याच पहिल्या पत्रातून मिळाले.

त्या पहिल्या पत्राचा हुकूम सहजासहजी पाळला गेला नाही. 603 मध्ये ग्रेगरी यांना पुन्हा त्याच बेटावर लिहावे लागले, कारण सिराक्यूज भागात कुळांकडून पंचवीस सेक्स्टारियसच्या मापाने धान्य घेतले जात असल्याचे उघड झाले होते. ज्याने ते माप फोडले त्या अधिकाऱ्याचे पोपने कौतुक केले. एवढ्यावर न थांबता, आजवर अशा रीतीने किती जास्त घेतले गेले त्याचा अंदाज बांधावा आणि त्या रकमेच्या गायी, मेंढ्या व डुकरे विकत घेऊन गरीब कुळांना वाटून द्यावीत, असे त्यांनी सांगितले. पश्चात्ताप म्हणजे हिशेब करून परत देणे, असा याचा अर्थ.

591 च्या पत्राच्या शेवटी एक सूचना आहे, जी पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून निसटली होती. मी कुळांना उद्देशून जे लिहिले आहे ते सर्व शेतवाड्यांवर त्यांना वाचून दाखवावे, म्हणजे जुलमाविरुद्ध स्वतःचा बचाव कोणत्या आधारावर करायचा हे त्यांना कळेल. आणि मूळ पत्रे किंवा त्यांच्या खऱ्या नकला त्यांच्या हातात द्याव्यात.

जमीन नावावर झाल्यानंतर बाबांच्या हाती जो उतारा आला तो कानडीत होता. बाबांना मराठी वाचता येई, कानडी बोलता येई, पण कानडी वाचता येत नसे. ज्या कार्यालयात तो कागद मिळाला तेथे तो कोणी वाचून दाखवला नाही. तो कागद पत्र्याच्या पेटीत आठ महिने तसाच राहिला, आणि मग शेजारच्या एका कानडी शिक्षकांनी आमच्या ओसरीवर बसून तो ओळीने वाचला, प्रत्येक ओळीचा मराठी अर्थ सांगितला आणि माझ्याकडून वहीत उतरवून घेतला. ती वही आणि खळ्यातली ती जुनी पायली अजून त्याच पेटीत आहेत.